लगतधारकाची सही

रविवारी सकाळी साडेदहाला राजेंद्र मोहिते हॉलमधल्या टेबलावर ठेवलेल्या खोक्याभोवती तिसरी फेरी मारत होते. खोकं पाटाएवढं होतं आणि वजन असं की उचलायला गेलं तर आधी कंबर आठवावी. झाकणावर एका राजाचं चित्र होतं. राजा हसत होता, आणि मोहित्यांना नेमकं तेच खटकत होतं.

"ह्याच्यात नक्की काय आहे?" त्यांनी लेकीला विचारलं.

"खेळ आहे, पप्पा. आधी कॉम्प्युटरवर होता, आता पुठ्ठ्यावर आलाय. एक शहर वसवायचं, मग शेती, शोध, व्यापार, सैन्य असं करत आपली संस्कृती वाढवत न्यायची."

"मग तो आजच का?"

रसिकाने टेबलावरचं खोकं उगाच सरळ केलं. उत्तर साधं होतं. खेडहून तांब्यांचं कुटुंब आज मिरजोळ्याला बघायला येणार होतं, आणि पप्पांचे हात गुंतलेले असले तर ते प्रश्न कमी विचारतील, एवढाच तिचा हिशेब होता.

मोहिते भूमी अभिलेख खात्यात तेहतीस वर्षं भूकरमापक होते. लोकांच्या जमिनी मोजून त्यांची हद्द दाखवायची, हे त्यांचं काम. या तेहतीस वर्षांत जो जो माणूस समोर येऊन गोड आवाजात "साहेब, माझं काय म्हणणंच नाय, खरं असेल ते करा," असं म्हणाला, त्याने त्याने हद्दीचा दगड आधीच दोन हात सरकवलेला होता. त्यामुळे कोणी गोड बोललं की मोहित्यांची नजर आपोआप त्या माणसाच्या पायाखालच्या जमिनीकडे जायची. निवृत्ती आली, पण नजर काही निवृत्त झाली नाही.

रसिकाची दोन स्थळं त्यांनी अशीच परत पाठवली होती. लांज्याच्या मुलाने न मागता पगाराचा कागद पाठवला, म्हणून तो गेला. न मागितलेला कागद जो देतो तो मागितलेला लपवतो, असं मोहित्यांचं म्हणणं. दुसऱ्या मंडळींनी घरातल्या सगळ्याच गोष्टींचं कौतुक केलं, चहाचंसुद्धा. त्या दिवशी मोहित्यांच्या पत्नी प्रभावतीबाई चहात साखर घालायला विसरल्या होत्या.

तिसरं स्थळ रसिकाने स्वतःच शोधलं होतं. अमरदीप तांबे तिला पुण्यात भेटला, आणि भेटला तोही याच खेळाच्या पटावर. दोन दिवसांपूर्वी तिने वडिलांना शांतपणे सांगून टाकलं होतं की या वेळी त्यांनी तसंच काही केलं, तर ती आणि अमरदीप विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन नोटीस देतील. ती तिथल्या फळ्यावर लागेल, पप्पांनी तिथे जाऊन वाचावी. उभा जन्म दुसऱ्यांना नोटिसा बजावण्यात घालवलेल्या माणसाला हे फार लागलं. पोरीच्या लग्नाची बातमी आपण सरकारी फळ्यावर वाचायची? आज कशाचाही संशय घ्यायचा नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. म्हणून तर खोक्याभोवती फक्त तीनच फेऱ्या झाल्या.

अकराला तांबे मंडळी आली. अमरदीप उंच, कमी बोलणारा. त्याची आई रेणुकाबाई नीटनेटक्या, चटकन बोलून मोकळ्या होणाऱ्या. आणि वडील महिपत तांबे, एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. त्यांनी दारातूनच मोठ्याने "जयभीम" घातला, आत आले आणि तिघांच्या सोफ्यावर चौघांना बसवून दाखवलं. गाडी भरली असं मी आयुष्यात कधी बोललो नाय, थोडं पुढं सरका एवढंच बोललो, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितलं. मग घर चांगलं, वारा चांगला, अंगणातला पेरू चांगला, असं ते एकेक चांगलं म्हणत सुटले. मोहित्यांच्या कपाळावरची शीर हलली. प्रभावतीबाईंनी घाईघाईने पोह्यांच्या बश्या पुढे केल्या.

पोहे झाले आणि रसिकाने पट मांडला. सहा कोनांचे पुठ्ठ्याचे तुकडे एकाला एक जोडून जमीन तयार झाली. कुठे डोंगर, कुठे नदी, कुठे रान. मोहित्यांना लाल राज्य मिळालं, तांब्यांना हिरवं, आणि दोन्ही आयांना मिळून एक निळं. पोरं दोघं नियम सांगायला. मोहित्यांनी नियमांची चोवीस पानी पुस्तिका मलपृष्ठावरच्या छापखान्याच्या पत्त्यासकट वाचून काढली होती. दोन शहरांच्या मधलं घर कोणाचं, असं त्यांनी अमरदीपला विचारलं. जो आधी पोचेल त्याचं, असं तो म्हणाला.

"म्हणजे कब्जेदाराचं," मोहिते म्हणाले, आणि त्यांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

तिसऱ्या फेरीत पहिली ठिणगी पडली. तांब्यांच्या हद्दीत लोखंडाची टेकडी निघाली, आणि तिथल्या लोखंडाच्या दोन चकत्यांपैकी एक त्यांनी मोहित्यांच्या पुढ्यात सरकवली.

"घ्या. माझ्याकडं दोन हायत."

"बदल्यात काय?"

"काय नाय. पडूनच होती."

फुकट देणं नियमात बसतं का, हे मोहित्यांनी पुस्तिकेत पाहिलं. बसत होतं. त्यांनी चकती घेतली, पण वापरली नाही. जप्त केलेल्या मालासारखी ती बशीखाली ठेवून दिली. लोखंड देणारा माणूस ते का देतो? समोरच्याने गाफील राहावं म्हणून. मग मोहित्यांनी तांब्यांच्या बाजूची सगळी हद्द धरून एकापुढे एक किल्ले बांधायला घेतले. सगळं धान्य किल्ल्यांत गेलं, शोध लावायला दाणा उरला नाही. निळ्या राज्यातल्या दोन्ही बायका साड्यांबद्दल बोलता बोलता छापखान्याच्या शोधापर्यंत पोचल्या, तेव्हा लाल राज्याला अजून चाक सापडलेलं नव्हतं.

तांब्यांनी कुतूहलाने विचारलं, एवढे किल्ले कोणासाठी, या बाजूला तर मी एकटाच आहे. मोहिते म्हणाले, म्हणूनच. टेबलाखाली रसिकाने वडिलांचा पाय दाबला. मोहित्यांनी पाय काढून घेतला आणि आणखी एक किल्ला बांधला.

दीड वाजता प्रभावतीबाईंनी कोंबडी-वडे वाढल्याची हाक दिली. जेवायला जाण्याआधी मोहित्यांनी पटाशेजारी मापाची पट्टी ठेवली आणि खुर्चीवर चढून पटाचा वरून फोटो काढला. सवय म्हणून, असं ते म्हणाले. जेवण छान झालं. तांबे सगळ्यांच्या आधी उठले, हात धुऊन आले आणि पडवीतल्या आरामखुर्चीत लगेच घोरायलाही लागले. बाकीचे पुन्हा हॉलमध्ये जमले. मोहित्यांनी पटाकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, परत पटाकडे पाहिलं.

त्यांच्या दुसऱ्या शहराचा लाकडी ठोकळा पटाच्या कडेवरून एक घर आत सरकलेला होता.

हात धुवायची मोरी आणि पडवी यांच्या मध्ये हॉल होता. तांबे एकटेच या वाटेने गेले होते. मोहित्यांच्या डोळ्यांपुढे नोंदणी कार्यालयाचा फळा आला, त्यावरचं लेकीचं नाव आलं, आणि त्यांनी पेला भरून पाणी घेतलं. पेला रिकामा होईपर्यंत त्यांनी धीर धरला. तेहतीस वर्षांच्या सवयीपुढे पेलाभर पाणी म्हणजे किती?

"हद्द हलली आहे," ते म्हणाले. "पंचनामा करावा लागेल."

रसिकाने डोळे मिटले. मग जे झालं ते सगळं नियमाप्रमाणे झालं. मोहित्यांनी कोरा कागद घेतला, तारीख-वेळ टाकली, आणि रसिकाच्या लॅपटॉपवर फोटो मोठा करून घेतला. प्रभावतीबाईंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा आला. दोऱ्याचं एक टोक धरायला कोणी पुढे होईना, तेव्हा अमरदीप वाकला आणि त्याने ते धरलं. मात्र लगतधारकाच्या, म्हणजे शेजारच्या जमीनवाल्याच्या सहीशिवाय मोजणी सुरू करता येत नाही. म्हणून मोहिते स्वतः पडवीत गेले. तांब्यांनी एक डोळा उघडला, कागदावर सही केली आणि तो डोळा पुन्हा मिटला. कागद वाचलासुद्धा नाही. वाचल्याशिवाय सही करणाऱ्याला मजकूर आधीच माहीत असतो, हे मोहित्यांनी मनात टिपून ठेवलं.

रेणुकाबाई इतका वेळ हसत होत्या, त्या आता थांबल्या. आम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं आहे की संशयित म्हणून, असं त्यांनी प्रभावतीबाईंना विचारलं. प्रभावतीबाई तीस वर्षं शाळेत शिकवत होत्या, त्यांना सगळ्या प्रश्नांची उत्तरं यायची. या प्रश्नाला त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

मोजणी वीस मिनिटं चालली. मोहित्यांनी आधीची हद्द पेन्सिलने काढली, आत्ताची पेनने, आणि दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं. हललं म्हणजे आपलं गेलं, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. कागद वेगळंच सांगत होता. त्यांचं शहर सरकून थेट तांब्यांच्या हद्दीत, त्या लोखंडाच्या टेकडीवर जाऊन बसलं होतं. टेकडी आणि तिच्या शेजारचं, अशी हिरव्याची दोन घरं लालकडे आली होती. अर्ज करणाऱ्याचंच अतिक्रमण निघालं होतं. नोकरीत असं शंभरदा झालं असेल, आणि दर वेळी अर्जदाराचं पडलेलं तोंड पाहून मोहित्यांना आतून हसू यायचं.

"म्हणजे जागा आमची गेली, आणि चोर पण आम्हीच," रेणुकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पर्स खांद्याला लावली.

रसिका वडिलांकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मोहित्यांना सोपं गेलं असतं. ती फक्त थकलेली दिसत होती, आणि लेकीला असं थकवणारे आपणच आहोत हे त्यांना एकदम कळलं. त्यांच्या हातातला दोरा सुटला.

बोलण्याच्या आवाजाने तांबे जागे होऊन आत आले. कागद, दोरा, बायकोच्या खांद्यावरची पर्स हे सगळं त्यांनी पाहिलं. काय झालं ते अमरदीपने थोडक्यात सांगितलं.

"ते होय? ते मीच सरकवलं," तांबे म्हणाले. "पंख्यानं ती कड हलत होती. तुमचं शहर अगदी दारात लोंबकळत होतं, पडलं असतं खाली. आत माझ्याकडं जागा होती, म्हणून बसवून घेतलं."

"पण ती टेकडी तुमची होती," मोहिते म्हणाले. "लोखंडाची होती."

"असू दे हो. त्यात काय? एकाची सोय झाली."

मोहिते खुर्चीत बसले. तेहतीस वर्षांत त्यांनी दगड सरकवणारे भाऊ पाहिले, काका पाहिले, सख्खे जावई पाहिले. प्रत्येकाने दगड दुसऱ्याच्या जमिनीत सरकवला होता. दुसऱ्याला आपल्या जमिनीत बसवून घेणारा माणूस त्यांना आजपर्यंत भेटला नव्हता. त्यांना मनापासून लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग फार बरंही वाटलं. रसिका अशा घरात जाणार होती, जिथे आणखी एकाला नेहमी जागा असते.

"माझं चुकलं," ते म्हणाले. प्रभावतीबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, कारण हे दोन शब्द त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. "रेणुकाताई, माफ करा. तांबेसाहेब, आमची पसंती आहे. मुलगा, घर, सगळंच पसंत. तारीख तुम्ही सांगा, आम्ही तयार आहोत."

रसिकाने अमरदीपचा हात धरला. रेणुकाबाईंनी पर्स पुन्हा सोफ्यावर ठेवली आणि साखरपुडा इकडे करायचा की खेडला, हे प्रभावतीबाईंना विचारलंसुद्धा.  एकट्या तांब्यांचं हसू मात्र हळूहळू मावळलं. त्यांनी पंचनाम्याचा कागद उचलला, आता पहिल्यांदाच वाचला, आणि खुर्ची ओढून मोहित्यांच्या बरोबर समोर बसले.

"आत्ताच्या आत्ता पसंती?"

"हो."

"मगाशी एका लाकडी ठोकळ्यासाठी तुम्ही फोटो काढलात, दोरा लावलात, माझी झोपेत सही घेतलीत. आणि पोरीचं लग्न ठरवताना एक प्रश्न नाय?" तांबे पुढे झुकले. "मोहितेसाहेब, काय लपवताय काय?"

रसिका काही बोलायला गेली. तांब्यांनी गाडी थांबवायला करतात तसा हात वर केला. अमरदीपकडून ऐकलेली आधीची दोन स्थळं का मोडली, हे त्यांना पहिल्यापासून ऐकायचं होतं. मोहित्यांनी सांगितलं. नुसता पगाराचा कागद पाठवला म्हणून कोणी स्थळ मोडतं का, यावर तांब्यांचा विश्वास बसेना. मोहित्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं, चहाच्या साखरेसकट. या वेळी तांब्यांनी प्रभावतीबाईंकडून खात्री करून घेतली, आणि मग हे सगळं लेखी द्या म्हणाले.

मोहित्यांनी नवा कागद घेतला. जबाब देणार, राजेंद्र मोहिते, राहणार मिरजोळे, असं लिहून त्यांनी दोन्ही स्थळांची हकीकत क्रमाने मांडली. तांब्यांनी ती पहिल्या ओळीपासून बोट धरून वाचली. दोन ठिकाणी तारीख नाही म्हणून परत केली. मग मुलीचा जन्माचा दाखला मागितला, मोहित्यांच्या निवृत्तीचा आदेश मागितला, आणि आदेशावरचा शिक्का खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

मोहिते हे सगळं पाहत होते. खरं सांगायचं तर या माणसाबद्दल त्यांच्या मनात कुठेतरी बारीकशी शंका अजून उरली होती, कारण इतका सरळ कोणी नसतो. शिक्का उजेडात धरलेला पाहिला, आणि ती शंकाही गेली.

ते स्वयंपाकघरात गेले आणि बायकोच्या कानाशी लागून म्हणाले, "चहा ठेव. माणूस विश्वासाचा आहे."