फक्त फजिती

प्रजासत्ताकदिनाला आमच्या शाळेचं लेझीम झकास झालं. रांगा सरळ, फेटे जागेवर, पाहुणे वेळेवर. असा योग मास्तराच्या आयुष्यात क्वचितच येतो, म्हणून मी मोठ्या उमेदीने फोटो ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत भोईर बाईंचा फोन.

“सर, चुकून पडला का?”

“काय, बाई?”

“फोटू. सगळी हसतायत त्यात. काढा तो.”

मी काढला. बाईंपुढे मोठमोठे साहेब नमतात, तिथे मी कोण?

भोईर बाई पोशीरच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि कर्जत-खालापूरच्या आम्हा चाळीसेक शिक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतात. चालवतात म्हणजे हाकतात. ग्रुपचं नाव ‘फजिती’. ‘यशस्वी’, ‘संपन्न’, ‘उत्साहात’ यांपैकी एक शब्द दिसला की मेसेज उडालाच. “ते वर पाठवायला धा ग्रुप हायेत,” बाई म्हणतात. “हितं फक्त काय फसलं ते बोला.” फुलं आणि सुविचार यांना तर उंबऱ्यावरही थारा नाही.

बाई ठेंगण्या, आवाज मात्र प्रार्थनेच्या रांगेत शेवटच्या पोरापर्यंत पोचणारा. फोन त्या हातरुमालात बांधून पर्समध्ये ठेवतात आणि उघडताना गाठ अशी हलकेच सोडतात, की आत पेढे असावेत. टाइप करायचा त्यांना कंटाळा. सगळे निकाल आवाजी.

माझी पहिली फजिती सांगतो. मी तिकडे खालापुरात, लोधिवलीजवळच्या शाळेत. बाष्पीभवन शिकवायचं म्हणून ओला रुमाल दोरीवर टाकला आणि तासाभराने ऐटीत विचारलं, “रुमालातलं पाणी कुठं गेलं?” पोरं माझ्या मागे बघायला लागली. वळून बघतो तर रुमालच नाही. एक मुलगी शांतपणे म्हणाली, “गुर्जी, बकरीनं खाल्ला.”

हे ग्रुपवर टाकलं. बाईंचा निकाल आला, “पानी गेलंच की, सर. प्रयोग बरोबर, फक्त लय लवकर झाला.” मागोमाग सात-आठ जणांनी आपापले फसलेले प्रयोग सांगितले. कर्जतच्या एका सरांनी सुचवलं की मुलांना ओल्या बोटाने पाटीवर चित्र काढायला लावा आणि ते नाहीसं होताना बघू द्या. दुसऱ्या दिवशी मी तसं केलं, आणि पोरांनी पाट्या सोडल्याच नाहीत. ही आनंदाची बातमी अर्थातच मला ग्रुपवर सांगता आली नाही.

ग्रुपमधल्या दुसऱ्या एका बाईंच्या शाळेत साहेब तपासणीला आले. “तुमच्या बाई रोज काय शिकवतात?” “गप बसायला,” पहिलीतला पोरगा म्हणाला. आता ही गोष्ट शिक्षण परिषदेत कोण सांगेल? पण ‘फजिती’त ती त्याच संध्याकाळी आली. त्यावर आठवडाभर सगळे जण वर्गात मुलांना बोलतं कसं करायचं यावर भांडले, आणि मी नोकरीत जेवढी प्रशिक्षणं घेतली त्यांहून जास्त त्या भांडणातून शिकलो.

बाई स्वतःची फजिती मात्र कधी सांगत नसत. आम्ही डिवचायचो. उत्तर ठरलेलं, “आडमिनची होत नाय.”

गेल्या जूनमध्ये रेणुका नावाची मुलगी ग्रुपमध्ये आली. लातूरकडची, नवी नेमणूक. कर्जतला खोली घेऊन राहायची आणि रोज डोंगरातल्या एका आदिवासी वाडीवरच्या शाळेत चढून जायची. शाळेवर ती एकटीच. दोन महिने तिने अक्षर लिहिलं नाही. बाई मला म्हणाल्या, “जिची फजितीच होत नाय ती पोरगी एकटी रडत असनार. बघा तुमी.”

आणि एका संध्याकाळी रेणुकाचा मेसेज आला. “माझी भाषा मुलांना कळत नाही, त्यांची मला. दोन महिन्यांत एकही मूल आपणहून बोललेलं नाही. उद्या राजीनामा देते.”

मी चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. अर्ध्या तासाने बाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच खालचा.

“पोरी, मी पन गेलेली पळून. पयल्याच वर्षी. अशाच वाडीवर होते. शाळेला कुलूप लावलं आनि खाली आले. कर्जतच्या स्टँडवर बसले. तीन एसट्या सोडल्या. तवा फोन कुठला? बोलनार कुनाशी? चहावाल्याला सांगायला गेले, तो बोलतो, बाई, उठा जरा, बाकडं पुसायचंय.” इथे बाई थोडं हसल्या. “मग बघते तर शाळेची चावी माझ्याकडंच. ती द्यायला म्हनून वर गेले. तर पोरं पायरीवर बसलेली, कुलूप बघत. तशीच ऱ्हायले मी. तुला जायचं तर जा गं. पन बाकड्यावर एकटी बसू नको. मी सकाळी स्टँडवर येते.”

सकाळी दोघी स्टँडवर भेटल्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. एवढंच कळलं की बाईंनी रजा टाकली आणि गुडघे धरत धरत रेणुकाबरोबर वाडीवर चढून गेल्या.

पुढच्या आठवड्यात रेणुकाची पहिली फजिती आली. “आज मुलांनी मला ओढ्यावर चिंबोऱ्या, म्हणजे आपले खेकडे, धरायला शिकवलं. दोन तासांत मला एकही मिळाली नाही, बोटाला मात्र चावली. मुलं पोट धरून हसली. उद्या पुन्हा बोलावलंय.”

मी दोनदा वाचलं आणि फोन खाली ठेवणार, तेवढ्यात तो वाजला. भोईर बाई. यजमान गेल्यापासून बाई घरात एकट्याच असतात. मागे कुठे टीव्हीसुद्धा चालू नव्हता.

“सर, रेणुकाचं वाचलंत काय?”

“नाही, बाई,” मी म्हणालो. “वाचा ना तुम्ही.”

आणि बाईंनी अगदी सावकाश, एकेका शब्दावर थांबत, वाचायला सुरुवात केली.