क्रेनची आदर्श बैठक

"कुणाच्या बापाला कळणार नाही," क्रेन मेव्हण्याला म्हणाला.

क्रेन म्हणजे गोदामातला हमाल; मेव्हणाही तिथेच. दोन माणसांचं खोकं एकटा उचलायचा, म्हणून हे नाव. हल्ली मात्र जरा वाकलं की कमरेतून कळ थेट डोक्यात. आणि कंबर गेली हे मुकादमाला कळलं, की नोकरीही गेली. म्हणून त्यानं युक्ती काढली. कमरेत वाकायचंच नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत वाकून बसायचं, खोकं पोटाशी धरायचं, हळू उठायचं. उठताना हसायचं. हे सगळ्यात जड.

नेमक्या त्याच आठवड्यात गोदामात फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. वजन कसं उचलावं ते शिकवायला. वाकलेल्या पाठी बघत, कपाळाला हात लावत त्या क्रेनपाशी थांबल्या.

"यांना कुणी शिकवलं?"

"त्यांचं आतूनच येतं," मेव्हणा म्हणाला.

झालं. क्रेन मधोमध. बाई सांगत गेल्या.

पाय थोडे फाकवा.

फाकवले.

पाठ सरळ.

सरळच होती. दुसरा इलाज कुठे होता?

आता बसा.

बसला. उठला.

पुन्हा. मागच्यांना दिसलं नाही.

बसला. उठला, कसाबसा.

पुन्हा.

या वेळी बसला तो बसलाच.

"बघा, किती स्थिर आहेत. सगळ्यांनी असंच बसा."

अख्खं गोदाम बसलं. मुकादमही बसला, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा.

"दाजी, उठा," मेव्हणा कुजबुजला.

"उठवत नाहीये."

"मग हसा तरी."

"हसतोच आहे. तेही अडकलंय."

मांड्या थरथरायला लागल्या तसे एकेक जण उठले. क्रेन उरला. बाईंचा आवाज खाली आला.

"कंबर कधीपासून धरलीय?"

मुकादम क्रेनकडे बघत होता, फुटक्या मालाकडे बघतात तसा.

"धरली कुठे? दमलेत जरा," म्हणत मेव्हणा धावला. बाई "थांबा" म्हणेपर्यंत त्यानं दाजींच्या काखेत हात घातले आणि कमरेत वाकून, पाठीची कमान करून, हिसक्यात उचललं. जसं उचलू नका म्हणून बाई सकाळपासून घसा कोरडा करत होत्या, अगदी तसं.

कट्.

मुकादमानं दोघांनाही मालाच्या गाडीत आडवं घालून घरी पाठवलं. "आता घरीच थांबा," म्हणाला. कधीपर्यंत, ते बोलला नाही.

घरी बायकोनं नवरा आणि भाऊ जमिनीवर शेजारी शेजारी निजवले, दोघांना शेक दिला आणि विचारलं,

"उद्या कामावर कोण जाणार?"

दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघणार होते. पण मान वळेना. म्हणून छताकडेच बघत राहिले.