हेमांगी टिटवी आणि संयुक्त सेना

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांच्या आधी घाबरायचं काम हेमांगी नावाच्या टिटवीकडे होतं. तिला कुणी नेमलेलं नव्हतं. ती मुळातच भित्री. पान पडलं की ओरडायची, पान पडायचं थांबलं की ओरडायची. कॉलेजात तिने 'धोके व त्यांची लक्षणे' हा विषय घेतला होता. त्यामुळे आता ती प्रत्येक गोष्टीला सकारण घाबरत असे.

त्या वर्षी तिने ओढ्याकाठच्या माळावर चार अंडी घातली. टिटव्या घरटं बांधत नाहीत. चार खडे इकडचे तिकडे सरकवतात आणि त्यालाच घर म्हणतात. आणि नेमकी त्याच वर्षी पलीकडच्या करवंदीच्या जाळ्यांत भुऱ्या नावाच्या रानमांजराची टोळी येऊन राहिली. रोज कुणाची तरी अंडी जायची, कुणाची पिल्लं जायची. शिवाय जाताना टोळीवाले सगळ्यांसमोर मुद्दाम मिश्या पुसायचे. जंगलाची झोप उडाली. हेमांगीची आधीच उडालेली होती.

मग वाघसाहेबांनी माळावर मांडव घातला आणि सभा बोलावली. वाघ, हत्ती, सांबर आणि मोर यांची दहशतविरोधी संयुक्त सेना उभी राहिली. एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला, असं ठरलं. हेमांगीला अंड्यांवर बसल्या बसल्या रडू आलं. आता आपल्याऐवजी हत्ती घाबरणार, या विचाराने तिला फार हलकं वाटलं.

पण दहशत म्हणजे काय, यावर गाडी अडली. वाघसाहेब जरा अवघडले. घाबरतात तर आपल्यालाही, असं ते म्हणाले. तेव्हा भुकेपोटी घाबरवणं वगळलं. हत्तीने विचारलं, चुकून कुणावर पाय पडला तर? तेही वगळलं. शेवटी ठरलं, की भूक नसताना, जाणूनबुजून, सगळ्यांना एकदम घाबरवणे म्हणजे दहशत. हेमांगीला ही व्याख्या इतकी आवडली की तिने ती पाठच केली.

दुसरा ठराव इशाऱ्याचा. यापुढे कुणीही वाटेल तेव्हा ओरडायचं नाही. आधी मोराने बघायचं, मग सांबराने खात्री करायची, मग वाघसाहेबांनी मान हलवायची आणि मग हत्तीने सोंड वाजवायची. सांबरकाकांनी हेमांगीकडे बघून, "विशेषतः काही जणींनी," अशी पुस्ती जोडली.

लगेच संयुक्त सराव झाला. सरावानंतर जेवण झालं. जेवणानंतर सेना मांडवातच लवंडली.

टळटळीत दुपारी करवंदीची जाळी हलली. भुऱ्या आणि त्याची टोळी पोट जमिनीला लावून माळावर आली. थेट हेमांगीच्या खड्यांच्या दिशेने.

हेमांगीची ओरड चोचीपर्यंत आली, पण ठराव म्हणजे ठराव. ती मोराकडे धावली. मोर पिसं विंचरत होता. तिला दिसलेलं मांजर होतं की मांजरासारखं काही होतं, हे त्याला आधी हवं होतं. ती सांबरकाकांकडे धावली. काकांनी एक डोळा उघडला.

"मोर काय म्हणाला?"

"काका, ते अंड्यांपाशी पोचले हो."

"ते मी नाही विचारलं, बाई."

वाघसाहेब घोरत होते. झोपलेल्या वाघाला कसं उठवायचं, ते कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. तिने मागे पाहिलं. भुऱ्याने पहिल्या अंड्यावर पंजा ठेवला होता.

हेमांगी ओरडली. आयुष्यभर साठवलेलं सगळं ओरडली.

सगळ्यांत आधी वाघसाहेब पळाले. ते ओढा ओलांडून, टेकडी चढून, थेट दिसेनासे झाले. मोर सांबराच्या शिंगांत अडकला आणि दोघे एकच प्राणी असल्यासारखे पळाले. हत्ती उठला तो मांडवासकट. डोक्यावर कनात, कानांवरून पताका, मागे फरफटणारे बांबू. हे काय येतंय ते भुऱ्याला कळेना. असलं शस्त्र त्याने पाहिलं नव्हतं. टोळी शेपट्या फुगवून जाळीत शिरली.

अंडी चारही शाबूत होती. हेमांगी पुन्हा त्यांच्यावर जाऊन बसली.

संध्याकाळी सेना परतली. संयुक्त कारवाई यशस्वी झाल्याचं तिने जाहीर केलं आणि हत्तीचा सत्कार केला. मग वाघसाहेबांनी हेमांगीला बोलावलं. त्यांच्या अंगाला अजून काटे चिकटलेले होते.

"तुला भूक लागली होती?"

"नाही, साहेब."

"चुकून ओरडलीस?"

"नाही, साहेब. मुद्दाम."

"आणि घाबरलं कोण कोण?"

हेमांगी खरं बोलणारी. "सगळेच," ती म्हणाली, "एकदम." तेवढ्यात तिला व्याख्या आठवली आणि ती मटकन खाली बसली.

तिची चोच वेलीने बांधण्यात आली. भुऱ्यावर मात्र काहीच आलं नाही. तो भुकेला होता, शिवाय घाबरलेलाही होता. दहशतपीडित म्हणून त्याला सेनेत मानाची जागा मिळाली, मांडवात, माळाकडे तोंड करून.

सकाळी अंडी तडकली. चार पिल्लं बाहेर आली. त्यांनी आईची बांधलेली चोच पाहिली. समोर मिश्या पुसत बसलेला भुऱ्या पाहिला. आणि चौघं एकदम ओरडली.

वाघसाहेब टेकडीपलीकडून परतायला दुपार झाली. येताक्षणी त्यांनी जाहीर केलं, की आता ही एकटी टिटवी राहिलेली नाही. ही टोळी झाली.

तात्पर्य : घाबरावे जरूर, पण रीतसर परवानगी काढून, आणि शक्यतो वाघाचे घाबरून झाल्यावर.