पांघरूण, पेडल आणि साडूभाऊ

"मी वाऱ्यासारखा येतो, सावलीसारखा बसतो आणि सत्यासारखा बाहेर पडतो. माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. सुटलीच, तर ती कुठे निघालीय हे मला मुंगीच्या आधी कळतं. शोधाचं काम हाती घेतल्यापासून एकही गुन्हेगार माझ्या तावडीतून निसटलेला नाही."

हा मजकूर स्पीकरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहून दुरुस्तीवाल्याच्या दुकानात टांगलेला होता. लिहिणारा आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय तो, माणूस एकच. दुरुस्तीवाल्याचा साडू. पुठ्ठा त्याने उलटा धरून लिहिला होता, त्यामुळे 'ही बाजू वर' असं सांगणारा छापील बाण जमिनीकडे बघत होता. शेवटच्या वाक्याबद्दल दुरुस्तीवाल्याची तक्रार नव्हती. निसटायला गुन्हेगार आधी तावडीत सापडावा लागतो.

साडू हे नातं माणूस स्वतः निवडत नाही. सासरे निवडतात, आणि त्यांच्याही हातून चूक होऊ शकते. दुरुस्तीवाल्याच्या सासऱ्यांनी थोरलीला बास गिटार वाजवणारा बघितला आणि धाकटीला गिटारचे अ‍ॅम्प दुरुस्त करणारा. थोरल्याला सगळे साडूभाऊच म्हणत. त्याचं म्हणणं होतं की बास वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही आणि त्याचं कोणी ऐकत तर त्याहून नाही, म्हणून गुप्तहेर व्हायला त्याच्याइतका लायक माणूस बँडमध्ये दुसरा नसतो. दुकानाच्या एका कोपऱ्यात त्याने कचेरी थाटली होती. कचेरी म्हणजे एक आडवा ठेवलेला जुना मोठा ड्रम, त्यावर फळी, फळीवर वही आणि वहीवर साडूभाऊंचं कोपर. मदतनीस म्हणून त्याने दुरुस्तीवाल्याला नेमलं होतं. नेमताना विचारलं नव्हतं.

दुकानात जुन्या वाद्यांची देवघेव चाले. दारामागच्या फळ्यावर वादक चिठ्ठ्या लावून जात. 'विकणे आहे : गिटार, एकदाच पडलेली.' 'विकणे आहे : माइक, दोष आवाजात होता, माइकमध्ये नाही.' 'हवा आहे : ड्रमवाला, स्वतःच्या ड्रमसह. न जमल्यास नुसते ड्रम चालतील.' वस्तूबरोबर सल्ला फुकट मिळे, आणि फुकट असल्यामुळे भरपूर मिळे. या बाजाराचा एकच पक्का नियम होता. जुनी वस्तू 'कधीही न उघडलेली' असेल तर तिला मान. एकदा स्क्रू फिरला की पत गेली. त्यामुळे आत दुरुस्तीवाल्याने स्वतः सोल्डरचे डाग दिलेले अ‍ॅम्पसुद्धा त्याच्याच समोर कधीही न उघडलेले म्हणून विकले जात, आणि तो मान खाली घालून पुढचा डाग देत बसे.

मंगळवारी सकाळी मास्तर आले.

मास्तर म्हणजे गावातले सगळ्यात जुने ड्रमवाले. त्यांचा ठोका प्रसिद्ध होता. पायाने वाजवायचा मोठा ड्रम इतरांचा 'ढम' करून भिंतींवर आपटायचा. मास्तरांचा 'धप्' असा, मऊ आणि खोल, जणू कोणी गादीवर बसलंय. बारा वर्षांपूर्वी त्यांनी ड्रमवर पायाने ठोका मारायचा एक जुना हिरवा पेडल विकत घेतला आणि तेव्हापासून हा ठोका लागला. मास्तर विद्या लपवणारे नव्हते. ज्याला त्याला सांगत, ड्रमचं सोडा, सगळी जादू पेडलमध्ये आहे. झालं. गावातल्या यच्चयावत ड्रमवाल्यांनी जुने हिरवे पेडल शोधून काढले. धप् कोणालाच येईना. मग प्रत्येकाला वाटलं आपला पेडल खोटा, म्हणून प्रत्येकाने तो दुसऱ्याला विकला आणि तिसऱ्याचा घेतला. गेल्या बारा वर्षांत तेच सात पेडल गावाला कित्येक प्रदक्षिणा घालून आले होते.

मास्तरांची बायको आठ महिन्यांपूर्वी गेली. त्यानंतर त्यांनी वाजवणं सोडलं. पेडल ठेवला आणि ड्रम दुरुस्तीवाल्याच्या दुकानात विकून टाकला. तो कोणी घेतला नाही, कारण जादू पेडलमध्ये होती हे सगळ्यांना माहीत होतं. आज त्यावर साडूभाऊंची कचेरी होती.

मास्तर फळीपुढच्या स्टुलावर बसले आणि सरळ कामाचं बोलले. रविवारी ते घर सोडून मुलीकडे राहायला चालले होते. घर आवरताना बायकोचं पांघरूण सापडत नव्हतं. तिने स्वतः विणलेलं, उरल्यासुरल्या लोकरीच्या चौकोनांचं, अकरा रंगांचं. दिसायला वाईट होतं, हेही त्यांनी सांगितलं. कपाटं, माळा, पलंगाखाली, सगळीकडे बघून झालं होतं.

"ती गेली त्या आठवड्यात लोक येत होते, कपडे नेत होते," मास्तर म्हणाले. "मी कोणाला काय दिलं, मला आठवत नाही. पांघरूण मीच देऊन टाकलं असेल तर तसं सांगा. मी काही म्हणणार नाही. पण नक्की काय ते कळू दे. रात्री तेच डोक्यात फिरतं."

दुरुस्तीवाल्याने हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली. साडूभाऊंनी बारीक डाग बघायचं दुकानातलं भिंग उचललं, मास्तरांच्या बाहीवर धरलं आणि विचारलं की बुटाचा नंबर किती, शेजारी कोणी डावखुरा आहे का आणि मास्तरांचे कोणी शत्रू. मास्तर म्हणाले, नऊ, माहीत नाही आणि एक सॅक्सोफोनवाला होता, पण तो वारला. साडूभाऊंनी वहीत लिहिलं, 'सॅक्सोफोनवाला : सध्या सुटला.'

मास्तर गेल्यावर साडूभाऊंनी कोपर फळीवर टेकवून पहिला सिद्धांत मांडला. चोर पांघरुणासाठी आलाच नव्हता. तो आला हिरव्या पेडलसाठी. पेडल सापडला नाही, तेव्हा रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पांघरूण नेलं. दुरुस्तीवाल्याने सांगून पाहिलं की पेडल मास्तरांच्या घरी दारातच, चपलांशेजारी असतो.

"हीच तर चोरांची अडचण," साडूभाऊ म्हणाले. "ते दारातून येत नाहीत."

बुधवारी पेडलवाल्यांची चौकशी झाली. साडूभाऊ वेष बदलून गेले. वेष म्हणजे हातात ट्रम्पेट. बासवाल्याला हातात ट्रम्पेट घेऊन कोण ओळखणार, असा त्यांचा हिशेब होता. पहिल्याच घरी ड्रमवाल्याने विचारलं, "साडूभाऊ, ट्रम्पेट विकताय का?" दुसऱ्याने वाजवून दाखवायला सांगितलं. साडूभाऊंनी फुंकर मारली, तेव्हा आतून कसलंतरी वाळलेलं झुरळ निघालं आणि त्या घरातल्या आजींनी दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत पांघरुणाचा पत्ता लागला नाही, पण साडूभाऊंनी ट्रम्पेटच्या बदल्यात एक हिरवा पेडल मिळवला होता. पुरावा म्हणून. ट्रम्पेट दुरुस्तीवाल्याच्या एका गिऱ्हाइकाचा होता.

गुरुवारी दुसरा सिद्धांत आला. साडूभाऊंच्या बँडमधला गायक गळ्याला रंगीबेरंगी लोकरी मफलर गुंडाळून दुकानात आला, आणि साडूभाऊंनी डोळे बारीक करून रंग मोजले. अकरा भरले. म्हणजे पांघरूण उसवून मफलर केलेला. गायक घोगऱ्या आवाजात सांगत होता की हा मावशीने विणलाय, घसा बसलाय, हात लावू नका. साडूभाऊंनी मफलर जप्त केला. गायकाचा घसा पूर्ण बसला आणि शुक्रवारचा कार्यक्रम गाण्याशिवाय झाला. लोकांना आवडला, असं नंतर कळलं. मफलर मास्तरांना दाखवायला दुरुस्तीवाल्यालाच जावं लागलं.

मास्तरांच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. पलंग तेवढा शाबूत होता, आणि त्याची एक बाजू नीट घातलेली, दुसरी चुरगळलेली. मास्तरांनी मफलर हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि परत दिला.

"हिची वीण सैल आहे," ते म्हणाले. "ती घट्ट विणायची."

दुरुस्तीवाला चहा न घेताच परतला. रस्त्यात त्याला वाटलं, एखादं तसलं पांघरूण विकत घेऊन द्यावं. मग वाटलं, वीण घट्ट कुठून आणणार.

शनिवारी मास्तर शेवटची चौकशी करायला आले तेव्हा साडूभाऊ तिसरा सिद्धांत घेऊन तयार होते. तो असा की पांघरूण कधी नव्हतंच. मनुष्य दुःखात वस्तू कल्पितो, असं ते म्हणणार होते. तेवढं तोंडातून बाहेर पडायच्या आत दुरुस्तीवाल्याची बायको आत आली.

ती शेजारच्या गाळ्यात वाद्यांची कव्हरं शिवायची. तिला तिची फळी हवी होती. कापड बेतायची फळी गेले आठ महिने भावोजींच्या कोपराखाली होती, आणि पाच वेळा मागूनही मिळाली नव्हती.

"भावोजी, कोपर उचला."

"मेहुणीबाई, इथे गंभीर काम चाललंय."

"तेच काम मांडीवर करा."

तिने वही बाजूला केली आणि फळी ओढली. फळीचं टोक ड्रमवर आपटलं. धप्.

बाई थांबली. तिने बोटाच्या पेराने ड्रमवर टकटक केली. मग ती मास्तरांकडे वळली आणि आठवड्यात कोणी विचारला नव्हता तो प्रश्न तिने विचारला.

"मास्तर, ते पांघरूण तुम्ही शेवटचं कधी बघितलंत?"

मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, बारा वर्षं झाली असतील. थंडीत विचारलं की ती म्हणायची, आहे घरातच, तुम्हाला काय करायचंय. कपाटात असेल असं धरून ते चालले होते.

"आणि तुम्ही घरी सराव कधी करायचात?"

"दुपारी. दोन ते चार."

"त्या कधी झोपायच्या?"

"दुपारी दोन ते..." मास्तर थांबले. "आधी म्हणायची, डोकं उठतं. मग एके दिवशी म्हणायची बंद झाली. मला वाटलं, तिला पेडल आवडला."

बाईने नवऱ्याकडे ड्रमचे स्क्रू फिरवायची किल्ली मागितली. साडूभाऊ आडवे आले. ड्रम कधीही न उघडलेला होता, तशी चिठ्ठी त्यांनी स्वतः लावली होती. बाईने चिठ्ठीसकट त्यांना बाजूला सारलं. आठ स्क्रू फिरले. फिरताना एकही कुरकुरला नाही, हे दुरुस्तीवाल्याच्या लक्षात आलं. कोणीतरी तेल दिलेलं होतं. कडं निघालं, कातडं निघालं, आणि आत, नीट घडी घालून, पांढऱ्या नाडीने बांधून, पांघरूण होतं. अकरा रंगांचं. खरंच दिसायला वाईट. घडीत डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी होती, आणि गोळ्या झिजून वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या. म्हणजे दर वर्षी कोणीतरी ड्रम उघडून नव्या गोळ्या ठेवत होतं. या वर्षीच्या ठेवायच्या राहिल्या होत्या.

मास्तरांनी पांघरूण बाहेर काढलं आणि मांडीवर घेऊन बसले. साडूभाऊंनी स्वतःहून वही मिटली, यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

"म्हणजे मी विकलं," मास्तर शेवटी म्हणाले.

"ड्रम विकलात," बाई म्हणाली. "ते गेलं कुठे? इथेच होतं की."

मास्तरांनी मान हलवली. मग त्यांनी कातडं परत बसवायला लावलं, पुरावा म्हणून ठेवलेला पेडल जोडला आणि रिकाम्या ड्रमवर एक ठोका मारला. ढम. खिडक्या थरथरल्या, भिंतीवरचा पुठ्ठा सत्यासारखा बाहेर पडून खाली आला आणि शेजारच्या गाळ्यातून कोणीतरी विचारलं की काय फुटलं. बारा वर्षं गावाला पेडलचा सल्ला देणारा माणूस त्या आवाजाकडे बघत राहिला. मग तो हसायला लागला. हसता हसता त्याने पांघरुणाच्या टोकाने डोळे पुसले आणि ते पुन्हा घडीवर घडी घालून बाईच्या हातात दिलं.

"जसं होतं तसं ठेवा. ड्रम मी घेऊन जातो." आणि जरा थांबून, "गोळ्या मिळतील का जवळपास?"

दुरुस्तीवाल्याने ड्रमचे पैसे घेतले नाहीत. बायकोला मात्र त्याने हळूच विचारलं की हे तिच्या डोक्यात आलं कसं.

"त्यात काय. तुमच्या अ‍ॅम्पच्या मागे सात वर्षं माझी उशी आहे."

दुरुस्तीवाल्याचा चेहरा पडला. त्याच्या अ‍ॅम्पचा उबदार आवाज ऐकायला बाहेरगावचे लोक यायचे. तो सगळ्यांना सांगायचा की हे आतल्या जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचं काम आहे. व्हॉल्व्हसाठी त्याने काय काय विकलं होतं, हे तो आत्ता आठवू इच्छित नव्हता.

साडूभाऊ मोठ्याने हसले. बायकांनी गाफील नवऱ्यांना कसं गुंडाळलंय यावर ते बोलणार, तेवढ्यात मेहुणीबाईंनी फळी काखेत मारली.

"ताई उशी-बिशीच्या भानगडीत पडत नाही हो भावोजी. ती तुमच्या बासची वायर मागून काढूनच ठेवते. चार वर्षं झाली."

साडूभाऊंनी वही उघडली. बराच वेळ विचार करून लिहिलं, 'प्रकरण सुटले. वस्तू आरंभापासून माझ्या नजरेखाली होती.' कोपराखाली, असं दुरुस्तीवाल्याला सुचवायचं होतं, पण साडूचा आणखी किती अंत बघायचा.

रविवारी मास्तर गेले. पंधरा दिवसांनी त्यांचा दुकानात फोन आला. मुलीच्या घरी ड्रम ठेवायला एकच जागा होती, नातीच्या पाळण्याशेजारी. रोज दोन ते चार सराव चालू होता. आणि नात उठत नव्हती.