अन्वरभाईंची कोपरपरीक्षा

इथे आखातातल्या आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर अन्वरभाई यांच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला बारा महिने औषधाची पट्टी असते, आणि त्यांना आजार कसलाही नाही. कातडी माझ्यापेक्षा तुकतुकीत. तरी हा माणूस मनामा शहरातल्या एका चिनी वैद्यबाईंकडून एक्झिमाच्या जडीबुटीच्या पट्ट्या नि मलमं आणतो, स्वतःला लावतो आणि तीन दिवस परीक्षक होऊन बसतो.

निकाल चहाच्या वेळी लागतो. "आग मफी, खाज मफी. पास!" मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'. पट्टी नापास झाली, तर बाही सरकवून लाल चट्टा सगळ्यांना दाखवतात. "बघा, ही चावरी. खलास!" वर ठरलेलं वाक्य, "कातडी खोटं बोलत नाय, साहेब."

मी पुण्याचा. शंका काढल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

"अहो, खाजच नाही तर औषधाचा गुण कसा कळणार?"

"गुण नाय कळत. झोंबतं का, ते कळतं."

घरी जाताना ते माझ्याच गाडीत असतात. वास असा, की बायकोनं एकदा विचारलं, "गाडीत काढा सांडला का?" मी त्यांना जिदहफ्सला त्यांच्या खोलीपाशी उतरवतो, मग काचा खाली करून घरी जातो. वेड म्हणायचं नि सोडून द्यायचं, असं मी ठरवलं होतं.

मागच्या शुक्रवारी बायकोनं दिलेला पुरणपोळ्यांचा डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. ते व्हिडिओ कॉलवर होते. समोर चिपळूणजवळच्या त्यांच्या घरात त्यांची सात वर्षांची लेक सकीना, दोन्ही कोपरं खाजवून सोललेली. मला बसायची खूण करून ते हळूच म्हणाले, "दोन वर्षांमागे सुट्टीत एक मलम नेलेलं. पोरीला फोड आले. रडत म्हणाली, अब्बा, तुम्ही लावून बघितलेलंत काय? काय बोलू? तेव्हापासून कुणाला हात लावू देत नाय."

या वेळी गावी पाठवलेलं मलम पास झालेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनीही हरकत नाही म्हटलं होतं. तिची आई डबी उघडून तयार होती. सकीना मात्र हात पाठीमागे धरून उभी.

"अब्बा, आधी तुम्ही."

त्यांनी कोपर मोबाइलसमोर धरलं, मलम लावलं. पोरगी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती.

"झोंबलं?"

"नाय गो बाय."

"खरंच?"

"कातडी खोटं बोलत नाय."

मग एक बारीकसा हात पुढे आला. या वेळी मला एकही शंका सुचली नाही.

तिकडे आईनं मलम लावायला सुरुवात केली. इकडे अन्वरभाई मान खाली घालून स्वतःच्या कोपरावर हळूहळू फुंकर घालत होते, जणू ते सकीनाचंच होतं.