कोंढ्यातील फुटबॉल लिलावाची शास्त्रशुद्ध पूर्वतयारी

जी गोष्ट आपल्या हातात मुळीच नसते, तिची तयारी माणूस सर्वात कसून करतो. लग्न, निवडणूक आणि पाऊस ही याची जुनी उदाहरणं. कोंढ्यातल्या आठ जबाबदार गृहस्थांनी त्यात इंग्लंडच्या फुटबॉलची भर घातली, याबद्दल पवनी तालुक्याने त्यांचं ऋणी असायला हवं.

कोंढ्यात फुटबॉल खेळला जात नाही. (गावात एक चेंडू होता. तो सध्या तलावात आहे.) त्यामुळे खेळाबद्दलची मतं गुडघेदुखी, घाम वगैरे गोष्टींनी दूषित झालेली नाहीत. मंडळाची कार्यपद्धती सोपी आहे. दरवर्षी हंगामाआधी समाजमंदिरात लिलाव होतो. प्रत्येक सभासदाला शंभर गुण मिळतात आणि त्या गुणांवर बोली लावून त्याने इंग्लंडमधले अकरा खरे खेळाडू कागदावर विकत घ्यायचे. एक खेळाडू एकाचाच. मग ते खेळाडू तिकडे खरोखर जसे खेळतील, तसे इकडे सभासदाला गुण मिळतात. खेळाडूंना यातलं काही कळवण्यात येत नाही. त्यांची नावं उच्चारायला अवघड असल्यामुळे कामकाजात उंच्या, दाढी, घारा अशी सुटसुटीत नावं वापरली जातात.

नियम सात मात्र कडक आहे. जो शेवटचा येईल, त्याने पुढचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे वर्षभर, फुटबॉलवर चारचौघांत एक शब्दही बोलायचा नाही.

कृषी केंद्र चालवणारे भूपेंद्र मागच्या हंगामात शेवटचे आले. ज्यांनी त्यांना पूर्वी ऐकलं आहे, त्यांनाच या शिक्षेची तीव्रता कळेल. युरियाचं पोतं काट्यावर असताना ते ऑफसाइड समजावून सांगत आणि गिऱ्हाईक पोतं घेतल्यावरही जाऊ शकत नसे. असा माणूस वर्षभर पानठेल्यावर उभा राहिला आणि लोक त्याच्यासमोर चुकीचं बोलत राहिले. एकदा मंडळातलाच कैलाश मुद्दाम म्हणाला, "कॉर्नरवरून ऑफसाइड होते ना बे?" भूपेंद्र तलावाला एक फेरी मारून आले.

उरलेलं सगळं बोलणं घरी झालं. त्यांच्या पत्नी राखीताई म्हणतात, "शिक्षा झाली तवापासून मलेच सांगून रायले. मले तं झोपेतही हाफटाइम दिसते. यंदा हे शेवटचे आले ना, तं मी माहेरी जाऊन राहतो अन् तिथूनच यायले लाल कार्ड दाखवतो." यावरून या लिलावात काय पणाला लागलं होतं, याची कल्पना यावी. एक जीभ होती आणि एक संसार होता.

म्हणून भूपेंद्रने तयारी शास्त्रीय पद्धतीने केली. पहिली पायरी माहितीची. कोणाचा घोटा दुखतो, कोणाचं प्रशिक्षकाशी पटत नाही, कोणाला नुकतं बाळ झालं आहे (झोप कमी, पास चुकीचे), हे सगळं त्यांनी गोळा केलं. स्वतःच्या मेहुण्याच्या मुलाचं नाव त्यांना आजही आठवावं लागतं, पण घाऱ्याच्या मुलाचा वाढदिवस पाठ आहे.

दुसरी पायरी सरावाची. घरी खोटा लिलाव घेण्यात आला. त्यात सातही प्रतिस्पर्ध्यांची भूमिका राखीताईंनी अनारशाचं पीठ मळता मळता पार पाडली आणि सलग सर्व लिलाव जिंकले. भूपेंद्रने त्याला नमुन्यातली त्रुटी म्हटलं.

तिसरी पायरी चेहऱ्याची. जो खेळाडू हवा, त्याचं नाव निघताच खिडकीबाहेर पाहायचं, म्हणजे कोणाला सुगावा लागत नाही. हे तत्त्व निर्दोष आहे. फक्त ते शिकवणारा एकच व्हिडिओ आठही सभासदांनी पाहिला होता. त्यामुळे बैठकीत उंच्याचं नाव निघालं की आठही जण एकदम खिडकीबाहेर पाहत आणि बाहेरून जाणारा माणूस घाबरे.

तयारी इथवर आली आणि अधिक श्रावण लागला. हा धोंड्याचा महिना. या महिन्यात लेकी-जावयांना बोलावून जेवू घालायचं, कपडे करायचे, अनारसे द्यायचे. भूपेंद्रच्या घरी त्यांच्या बहिणीचे यजमान चंद्रकुमार बपेऱ्याहून आले. मंडळाची रंगीत तालीम त्याच संध्याकाळी होती. जावयाला घरी एकटं बसवणं बरं दिसत नाही म्हणून भूपेंद्रने त्यांना सोबत नेलं.

तालमीत उंच्याचं नाव निघालं. सगळे खिडकीकडे वळले. गंमत म्हणून चंद्रकुमार म्हणाले, "पाच."

बाकीच्यांच्या बोल्या तिथेच थांबल्या.

"पाच एक वार, पाच दोन वार," लिलाव पुकारणारे अश्वजित म्हणाले. ते शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतींचं, समालोचन करतात आणि त्यांना शांततेची सवय नाही. "बोला ना जी! कैलाशभाऊ, तुमी तं चाळीसवर जानार होते!"

कैलाशने हात जोडले. "जावईबापूनं मागतली वस्तू. त्याच्यावर आपुन कसं चढवाचं? गावात तोंड दाखवाचं हाय."

उंच्या पाच गुणांत गेला. घरच्या जावयावर बोली चढवू नये असं मंडळाच्या नियमांत कुठेही नाही. नियम लिहिणाऱ्याला ते लिहावंसं वाटलं नाही, कारण जेवताना तोंडात घास घालावा हेही कोणी लिहून ठेवत नाही.

या निरीक्षणातून भूपेंद्रने सिद्धान्त काढला: जावई बोली लावेल, तर वस्तू पडेल भावाने मिळेल. पण विज्ञानात एक अडचण असते. प्रयोग ज्यांच्यासमोर केला, त्यांनाही डोळे असतात. उरलेले सातही जण त्या रात्री आपापल्या जावयांना फोन लावतील, हे भूपेंद्रने ओळखलं आणि ते एक पायरी पुढे गेले. आठ जावई समोरासमोर आले तर? तर मान वडीलधाऱ्याचा. म्हणजे हवा तो सर्वात ज्येष्ठ जावई.

ते आंबागडला गेले आणि आत्याचे यजमान श्यामराव यांना गाडीत घालून घेऊन आले. श्यामराव गावचे सर्वात जुने हयात जावई. त्यांचं उभं आयुष्य किल्ल्याखालच्या धानाला रानडुकरांपासून राखण्यात गेलं. फुटबॉलचा त्यांच्याशी कधी संबंध आला नव्हता आणि त्यावरून त्यांची कधी अडचणही झाली नव्हती.

चंद्रकुमारांना हे लागलं. "मंग मी काय फक्त अनारसे खायले आलो?" असं विचारून ते उठले आणि कैलाशकडे जाऊन बसले. जावई सगळ्या गावाचा असतो, त्यामुळे याला हरकत घेता आली नाही.

लिलावाच्या दिवशी समाजमंदिरात पहिल्या रांगेत आठ जावई आणि मागच्या रांगेत आठ सभासद असं दृश्य होतं. सुरुवातीला सर्व जावयांना टोपी, शेला आणि नारळ देण्यात आला. चहा झाला. ज्यांना चहा चालत नाही त्यांना दूध झालं. मग अश्वजितने टेबलावर बत्ता आपटला.

"पहिला खेळाडू, उंच्या! बोला जी!"

सात जावई श्यामरावांकडे पाहू लागले. श्यामराव अश्वजितकडे पाहू लागले.

"हा काय करते?"

"गोल मारते जी, मामाजी."

"मंग?"

"मंग धावते. सदरा काढून फेकते."

"सदरा काहून फेकते?"

अश्वजितने मागच्या रांगेकडे पाहिलं. मागून भूपेंद्र खोकले. एक खोकला म्हणजे घ्या, दोन म्हणजे सोडा, असं ठरलं होतं. श्यामराव वळले. "काय झालं बे भूपेंद्र? पावसात भिजला काय? हळदीचं दूध घेत जाय." आणि अश्वजितला म्हणाले, "अंगावरचा सदरा सांभाळत नाई, तो तुमचा संघ काय सांभाळन? दुसरा दाखवा."

भूपेंद्रला आता काहीही करणं शक्य नव्हतं. जावयाला चारचौघांत टोकायचं नसतं आणि इथे तर सोळा जण होते. वडीलधाऱ्याने नाकारलेली वस्तू लगेच उचलणं इतर जावयांना प्रशस्त वाटेना. उंच्या बाजूला ठेवण्यात आला. त्याच्यामागे दाढी आणि घाराही.

मग एका गोलरक्षकाचं नाव निघालं.

"हा मामाजी, जागेवर उभा रायते. आत कोनाले येऊ देत नाई."

श्यामराव प्रथमच सरसावून बसले. "राखण करते म्हना ना. हातात काय रायते? काठी?"

"हातमोजे जी."

"चालते. एक."

बत्ता पडला. पुढचाही गोलरक्षक त्यांनी एका गुणात घेतला. त्याच्या पुढचाही. भूपेंद्रला इतका खोकला आला की चहा करणाऱ्या दीपमालाताईंनी आतून पाणी पाठवलं. शेवटी धीर करून ते पुढे वाकले आणि, नियम सात मोडू नये म्हणून, कानात म्हणाले, "मामाजी, आपल्याले एकच राखणदार लागते."

"अबे, एका माणसानं कधी राखण झाली काय? तो डुलकी घेईन तवा? अकरा जन बसव. डुक्कर कुठून घुसन सांग?"

संघात गोलरक्षक किती असावेत, याबद्दल नियमात मर्यादा नव्हती. भूपेंद्रला अकरा गोलरक्षक मिळाले आणि एकोणनव्वद गुण शिल्लक राहिले. ("उरले तं उरले," श्यामराव म्हणाले, "पुढच्या साली कामी येतीन." ते येत नाहीत.) इतर ज्येष्ठ जावयांनी त्यांच्या पाठोपाठ मुख्यतः बचावपटू घेतले. सदरा काढणारे सगळे, कोणीच न घेतल्यामुळे, सर्वात धाकट्या जावयाच्या वाट्याला आले. तो चंद्रकुमार. कैलाश त्या क्षणी खिडकीबाहेर पाहत होता.

हंगामाचं वर्णन थोडक्यात करता येईल. गोलरक्षकाला गुण मिळतात ते गोल न झाल्यास. फुटबॉलवर जिवापाड प्रेम करणारे भूपेंद्र नऊ महिने टीव्हीसमोर हात जोडून बसले, ते काहीही घडू नये म्हणून. त्यांचेच दोन गोलरक्षक एकमेकांविरुद्ध खेळत, तेव्हा ते चेंडू मध्यावर पडून राहावा अशी इच्छा करत. एका शनिवारी सामना शून्य-शून्य सुटला आणि ते इतके ओरडले की शेजारच्यांना वाटलं भारताने काही जिंकलं.

शेवटच्या शनिवारी ते आणि ज्याचा जावई लिलावात झोपी गेला होता तो एक सभासद, असे दोघे तळाशी होते. भूपेंद्रला आणखी एक बिनगोल सामना हवा होता. राखीताईंनी बॅग भरून दाराशी ठेवली आणि त्या नवऱ्याशेजारी येऊन बसल्या. सामना अत्यंत रटाळ झाला. चेंडू बराच वेळ प्रेक्षकांतच होता. शून्य-शून्य. भूपेंद्र शेवटून दुसरे आले. राखीताईंनी बॅग उचलली आणि त्यातले कपडे परत कपाटात लावले.

दुसऱ्या सकाळी ते वर्षभराच्या मौनानंतर अधिकृतपणे पानठेल्यावर गेले आणि गोलरक्षकाच्या उभं राहण्याच्या कोनाबद्दल बोलू लागले. कोणीही ऐकलं नाही. तिथे वेगळी चर्चा सुरू होती. कैलाशचं जिंकणं महिनाभर आधीच पक्कं झाल्यापासून गावात धाकट्या जावयांना मागणी आली आहे. स्थळ पाहताना आता मुलाला शेती किती हे विचारून झाल्यावर फुटबॉल कळतो का, हेही विचारतात. कळत नसल्यास प्राधान्य. भूपेंद्रने दोनदा घसा साफ केला. "हळदीचं दूध घे," कोणीतरी म्हणालं. भूपेंद्रला बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. मागच्या वर्षी ऐकणारी निदान एक होती, आता राखीताई भिंतीकडे तोंड करून झोपतात.

एवढ्याशा खेळापायी शहाणी माणसं काय करून बसतात, असं वाटून आपण हसला असाल. ते रास्तच आहे. पण मधेच कुठेतरी, बहुधा सातव्या-आठव्या गोलरक्षकापाशी, आपण भूपेंद्रच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे आपण ठरवूनही टाकलं आहे. आपल्याकडचा कोणता जावई पुरेसा अडाणी आहे, हेही एव्हाना आपल्या डोळ्यांसमोर आलं असेल. (ते स्वतः आपणच असाल, तर आमंत्रण येईलच.) यंदा शेवटचे आलेले सभासद बाहेर पडल्यामुळे मंडळात एक जागा रिकामी आहे. आपली तयारी चांगली झाली आहे.