फिरती दाढदुखी

दातांच्या डॉक्टरांनी दार उघडून "पुढचे कोण?" असं विचारलं, तेव्हा बाहेर बसलेल्यांपैकी एकानेही मान वर केली नाही. बाकं भरलेली होती. दोघं तर भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा लिफ्ट दुरुस्त करणारे काका हातातल्या पुस्तकातून डोळे न काढता म्हणाले, "बाईंना जाऊ द्या आधी."

"छे, छे. मला कसली घाई?" शेजारच्या बाईंनी पान उलटलं. "तुमचा गाल सुजलाय, तुम्हीच जा."

"सुजलेला नाहीये. असाच आहे तो."

डॉक्टर आत गेले आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. पेशंट भीतीपोटी बाहेर रेंगाळतात, हे त्यांना कॉलेजात शिकवलं होतं. आनंदाने रेंगाळणाऱ्यांचं काय करायचं, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

या सगळ्याच्या मुळाशी डॉक्टरांची मुलगी होती. ती नुकतीच सातवीत गेली होती, आणि सातवीतल्या माणसाला शोभत नाही म्हणून तिने 'उलटा डोंगर' या मालिकेचे नऊच्या नऊ भाग दवाखान्यात आणून टाकले. "लहान मुलांना ठेवा बाबा, माझं वय नाही आता," असं ती म्हणाली आणि एक ओझं उतरल्यासारखी निघून गेली. लहान मुलं आली, त्यांनी पुस्तकांची जाडी बघितली आणि आईकडे मोबाइल मागितला. त्यांच्या आयांनी मात्र सहज म्हणून पहिला भाग उचलला. त्यातल्या काही अजून घरी गेलेल्या नाहीत, असं रिसेप्शनवरच्या ताईंचं म्हणणं होतं.

डोंगर खरोखरच उलटा होता. आभाळाला मुळाने चिकटलेला आणि टोक खाली. त्यात ठिणगी नावाची एक पोरगी होती आणि खरं बोलल्यामुळे दरबारातून हाकललेला एक चष्मेवाला बोकड होता. लोक त्याला अजूनही वजीर म्हणत. हे दोघं मिळून धुकेराणीच्या मागावर होते, कारण तिने सगळ्या डोंगराचे प्रतिध्वनी चोरले होते आणि आता कुणी कितीही ओरडलं तरी उत्तर येत नव्हतं.

"पोरांचं पुस्तक आहे ते," एकदा डॉक्टर काकांना म्हणाले.

"म्हणून काय झालं? त्या डोंगरात लिफ्ट आहे, डॉक्टर. खाली जायचं बटण दाबलं की वर जाते. आता तुम्हाला वाटेल, थाप आहे. पण दोर कसा गुंडाळला जातो ते बघा. लिहिणाऱ्याला धंद्यातलं कळतं." काकांनी पुस्तक छातीशी धरलं. "मी हे कामासाठी वाचतोय."

प्रत्येकाजवळ असं काहीतरी कारण होतं. ताई म्हणायच्या, मला तर फक्त ती ठिणगी आवडते, कारण तिला कुणी 'नंतर या' म्हणत नाही. हे सांगून झालं की त्या फोन उचलायच्या आणि कुणालातरी 'नंतर या' म्हणायच्या.

आणि बाईंचं कारण तर सगळ्यात भारदस्त होतं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, डॉक्टरसुद्धा. शाळेत त्यांनी डॉक्टरांना जन्मभर पुरेल इतक्या वेळा 'तोंड बंद' म्हटलं होतं, आणि आता डॉक्टरांना त्यांना 'तोंड उघडा' म्हणावं लागे.

"मुलांच्या हातात काय पडतंय, हे मोठ्यांनी बघायला नको?" बाई म्हणायच्या. "मी तपासतेय."

तपासता तपासता बाईंचा आठवा भाग झाला, आणि त्याच दिवशी नेमकी त्यांच्या दाढेची कॅप बसली. "झालं बाई," डॉक्टर म्हणाले. "आता तुम्हाला यायची गरज नाही."

बाईंचा चेहरा उतरला. आठव्या भागाच्या शेवटच्या ओळीत वजीर बोकड एका शिंगाने कड्याला लटकत होता आणि कुठल्याही क्षणी वर पडणार होता. पुस्तक घरी मागून न्यायचं, तर उद्या गावभर होणार की मुख्याध्यापिकाबाई बोकडाची गोष्ट वाचतात. दुकानात जाऊन विकत घ्यायचं, तर दुकानदारही त्यांचाच विद्यार्थी. त्याला बाईंनी असल्याच गोष्टी वाचण्यावरून वर्गाबाहेर उभं केलं होतं. दवाखान्यात तपासणी म्हणून बसणं एवढाच सन्मानाने वाचायचा मार्ग होता, आणि तो आता एका चांगल्या बसलेल्या कॅपने बंद केला होता.

तेव्हा बाई आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलल्या.

"दुखतंय रे अजून."

"कुठे?"

सराव नसल्याने बाईंनी बोट नेलं ते वरच्या डाव्या दाढेवर. एक्स-रे काढला. दाढ ठणठणीत. पुढच्या खेपेला बाईंना आधीची बाजू आठवेना, म्हणून त्यांनी खालची उजवी दाखवली. त्याच्या पुढच्या खेपेला समोरचा दात.

"म्हणजे दुखणं जागा बदलतंय?" डॉक्टरांचे डोळे चमकले.

"बदलतंय खरं."

असं दुखणं डॉक्टरांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी जाडजूड ग्रंथ उघडले, तिथेही ते नव्हतं. मग त्यांनी आपल्या कॉलेजातल्या सरांना फोन लावला. सर हळू आवाजात म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. आपण दोघं मिळून निबंध वाचू परिषदेत." त्या दिवसापासून डॉक्टर बाईंकडे, लोक नव्या गाडीकडे बघतात तसे बघू लागले.

बाईंचं मात्र कशातच लक्ष नव्हतं, कारण एवढ्या खेपांत टेबलावर नववा भाग एकदाही दिसला नव्हता.

"ताई, इथलं एक पुस्तक दिसत नाही," त्यांनी शक्य तितक्या सरकारी आवाजात विचारलं. "तपासायचं राहिलंय."

ताईंनी इकडेतिकडे बघितलं. "आत आहे, बाई. डॉक्टरांनी नेलंय. खुर्ची रिकामी असते ना हल्ली, मग वाचत बसतात. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

आत जायचं म्हणजे खुर्चीत बसायचं आणि खुर्चीत बसायचं म्हणजे काहीतरी दुखायला हवं. बाईंनी गालावर हात ठेवला आणि त्या उठल्या. "ताई, मला असह्य होतंय."

बाहेरच्या सगळ्यांनी आनंदाने पाय बाजूला घेऊन त्यांना वाट करून दिली.

आत गेल्या गेल्या बाईंना पुस्तक दिसलं. दाढा उपटायच्या पकडींच्या ट्रेखाली ते ठेवलं होतं. नववा भाग, आणि पानांमधून खुणेसाठी घातलेला कापूस बाहेर आलेला.

"आज छडा लावू," डॉक्टर उत्साहाने म्हणाले. "एकेक बाजू बधिर करून बघू. जी बधिर झाल्यावर दुखणं थांबेल, तिथली दाढ काढून टाकू. चालेल ना?"

बाईंनी पुस्तकाकडे बघितलं. मग जिभेने आपल्या दाढा चाचपल्या. एकूणएक दाढ शाबूत होती.

"काढ," त्या म्हणाल्या. "पण ते बधिर व्हायला वेळ लागतो ना रे? तेवढ्यात तू बाहेरचे पेशंट बघून ये. मी बसते इथे एकटी. निवांत."

"तुम्ही किती विचार करता हो दुसऱ्यांचा!" डॉक्टर गहिवरले. त्यांनी डाव्या बाजूला इंजेक्शन दिलं, तोंडात कापसाच्या गुंडाळ्या कोंबल्या, लाळ ओढायची नळी अडकवली आणि दार उघडून "पुढचे कोण?" असं विचारलं. बाहेर पान उलटल्याचा आवाज झाला. डॉक्टर दार लावून परत आले.

"कुणीच येत नाही. बरं झालं, मी तुमच्याजवळ थांबतो."

"आँ," बाई म्हणाल्या.

"अहो, उपकार कसले त्यात!"

डॉक्टरांना एक सवय होती. पेशंटचं तोंड उघडं असलं की त्यांचंही उघडायचं. ते प्रश्न विचारायचे, उत्तरही तेच द्यायचे, आणि पेशंट फार हुशार असल्याचं मत बनवून मोकळे व्हायचे. त्यांनी स्टूल जवळ ओढलं.

"मन दुसरीकडे गुंतलं की दुखणं कळत नाही बाई. एक गोष्ट सांगतो. तुम्ही असलं काही वाचत नसणार, पण मजा आहे हं. एक बोकड असतो."

"आँ!"

"हो, मलाही आधी हसू आलं. तर हा बोकड कड्याला लटकत असतो. एका शिंगाने."

"आँ! आँ!"

"घाबरू नका. आता नवव्या भागात काय होतं…"

बाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि पाय झाडले. नळी गुळगुळली. डॉक्टर ताडकन उठले. "दुखलं? उजवीकडे? म्हणजे डावीकडे बधिर केल्यावर ते उजवीकडे पळालं! वा, बाई, वा!" त्यांनी तर्जनी उजव्या दाढांमध्ये घातली आणि दाबून बघत बोलत राहिले. "हां, तर धुकेराणी येते, ती त्या बोकडाकडे बघते, आणि शेवटी तो बोकड बिचारा…"

बाईंनी तोंड बंद केलं.

डॉक्टरांची किंकाळी ऐकून बाहेरचे सगळे आत धावले, प्रत्येकाचं एक बोट आपापल्या पानात. डॉक्टरांचंही एक बोट होतं, पण ते बाईंच्या तोंडात होतं.

"बाई, सोडा," ताई म्हणाल्या.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मानेबरोबर डॉक्टरही हलले.

"फिट आली की काय?" काका कुजबुजले.

"बाई, काय हवंय तुम्हाला?" डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी काहीही देतो!"

बाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी एक हात उचलला, आणि ज्या हाताने इतकी वर्षं फळ्याकडे बोट दाखवलं होतं, त्याच हाताने सगळ्या गावासमोर पकडींच्या ट्रेखाली बोट दाखवलं.

सगळ्यांनी वाकून बघितलं.

"नववा!" काका ओरडले. "डॉक्टर, तुम्ही दाबून ठेवलात? आणि आम्ही इथे वाट बघून बघून दात किडवून घेतोय?"

"आणि शेवट सांगत होते बाईंना," ताई म्हणाल्या. "भिंतीतून ऐकू येत होतं. मी कान बंद केले."

"शेवट?" काकांनी डॉक्टरांकडे असं बघितलं की डॉक्टरांचं दुसरं बोटही धोक्यात आलं.

"अहो, मला कुठे माहितीये शेवट!" डॉक्टर कळवळले. "अर्ध्यावरच आलोय मी! पुढचं मनानेच सांगणार होतो, बाईंना बरं वाटावं म्हणून!"

बाईंनी बोट सोडलं.

मग त्यांनी तोंडातला कापूस काढला, पदर सारखा केला आणि सगळ्यांकडे बघितलं. पुढचं बोलणं अर्ध्याच ओठातून येत असल्यामुळे इथे दुरुस्त करून दिलं आहे.

"मला काही दुखत नव्हतं. मी तपासतही नव्हते. लहान होते तेव्हा घरात पुस्तकं नव्हती, मोठी झाले तेव्हा पद होतं. दोन्हींतून आत्ता कुठे सुटलेय. आणि तो बोकड लटकतोय. आता हसायचं असेल तर हसून घ्या."

कुणी हसलं नाही. काकांनी घसा खाकरला. "तसं त्या लिफ्टचंही काही खरं नाही, बाई," ते म्हणाले. "दोर चुकीच्या बाजूने गुंडाळलाय. मी आपला ती पोरगी घरी पोचते का ते बघतोय."

"निबंध गेला," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. बोटाला बँडेज बांधताना ताईंनी त्यांना बजावलं की आता काही दिवस पकड धरायची नाही. म्हणजे दवाखाना बंद. ताईंनी दारावर तशी पाटीही लावली. पण घरी जायला कुणी उठेना. नववा भाग एकच होता आणि तो बाईंच्या मांडीवर होता.

"बाई, शेवटचं पान बघून एवढंच सांगा, जगतो ना तो?" काकांनी विनवलं.

"शेवटचं पान आधी उघडणाऱ्याला मी बाहेर उभं करीन," बाई म्हणाल्या. त्या खुर्चीतच ताठ बसल्या, त्यांनी वरचा दिवा पुस्तकावर ओढून घेतला आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ओठ अजून बधिर होता, त्यामुळे ठिणगीचं बोलणं जरा ओलसर येत होतं. बोकडाचं मात्र हुबेहूब येत होतं. डॉक्टर दुखरं बोट वर धरून स्टुलावर बसले, बाकीचे जमिनीवर.

इतक्यात पाटी न वाचताच एक माणूस आत आला. त्याचा गाल टोमॅटोसारखा लाल आणि टम्म फुगला होता, त्यावर रुमाल बांधला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अनेक दिवसांत या दवाखान्यात खरोखर दात दुखणारा हा पहिलाच माणूस.

"डॉक्टर," तो कण्हला, "जीव चाललाय हो…"

"शूऽऽ!" सगळ्यांनी एकदम केलं.

ताई दबक्या पावलांनी उठल्या. त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं आणि त्याच्या हातात पहिला भाग दिला. "इथून सुरू करा. मधूनच ऐकलं तर काही कळणार नाही."

"पण माझी दाढ…"

"वाचा तर."

तो कण्हत कण्हत वाचू लागला. थोड्या वेळाने कण्हणं थांबलं. मग त्याने गालावरचा हात काढला, कारण पान उलटायचं होतं.